खमिराचा माणूस

माझ्या स्टुडिओत एक नियम आहे. तो भिंतीवर लिहिलेला नाही, पण काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात कळतो. संध्याकाळी दिवे बंद करताना कुठलीही बाहुली एक पाय उचललेल्या स्थितीत सोडून जायची नाही. चालण्याचा शॉट अर्धा राहिला असेल तर तो पुरा करायचा, मग कितीही उशीर होवो. पोरं वैतागतात, माझ्या माघारी नकला करतात, मॅडमचं वय झालं म्हणतात. म्हणू देत. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तारेच्या सांगाड्यावर माती चढवून केलेली बाहुली टेबलावर उभी करायची, तिचा हात किंवा पाय केसभर हलवायचा, फोटो घ्यायचा, पुन्हा केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. असे शेकडो फोटो भरभर एकामागून एक दाखवले की ती आपली आपण चालू लागते. दिवसभर कंबर मोडेस्तोवर राबलं की पडद्यावरचे चार-पाच सेकंद पदरात पडतात. या धंद्यात माझं आयुष्य गेलं. दंतमंजनाच्या जाहिरातीतले नाचरे दात केले, शाळेच्या मुलांसाठी मुंग्यांची गोष्ट केली, दोन मोठे चित्रपट केले, त्यातला एक कुणी पाहिला नाही. मुलाखत घ्यायला येणारे विचारतात, ही कला कुठे शिकलात? मी परदेशातल्या एका शिबिराचं सांगते, आणि ते खोटं नाही. पण पहिली बाहुली मी नऊ वर्षांची असताना हलवली, खोपोलीच्या अलीकडच्या आमच्या गावात, अब्बांच्या बेकरीत. तेव्हा कला हा शब्दही मला ठाऊक नव्हता. माझा धाकटा भाऊ नासीर मरू नये म्हणून मी ती हलवत होते.

आमचं घर आणि बेकरी यांच्यात एकच भिंत होती, आणि भट्टीमुळे ती बारा महिने गरम असायची. थंडीत आम्ही दोघं भावंडं तिला पाठ लावून बसायचो. पलीकडून लाकडी पाटावर मैद्याचे गोळे आपटल्याचा आवाज यायचा, वारा त्या बाजूचा असला की खोपोलीच्या कारखान्यांचा भोंगा यायचा, आणि घाट चढणाऱ्या मालगाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनांची धाप तर दिवसातून कितीदा तरी. अब्बांच्या भुवयांत कायम पीठ असे. ते बोलायचे कमी. आजोबा किनाऱ्याकडून इथे आले तेव्हा त्यांनी कपड्यांच्या बोचक्यासोबत चिनी मातीची एक बरणी आणली होती, तिच्यात खमीर होतं. पाव फुगवायला पिठात जे आंबलेलं पीठ मिसळतात ते. रोज त्यातलं थोडं काढायचं, तेवढाच ताजा मैदा आणि साखरेचं पाणी घालायचं, की ते पुन्हा बुडबुडे सोडत वर यायचं. अब्बा त्याच्याबद्दल घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. आज त्याला थंडी वाजतेय, आज भूक लागलीय, आज खुशीत हाय. पाव गावाला आणि खोपोलीच्या चहावाल्यांना जायचा, आम्हाला मिळायचे ते मोडके टोस्ट आणि करपलेल्या कडा. घरात अम्मा तांदळाची भाकरीच करायची, सोबत सुक्या बोंबलाचं कालवण, आणि शुक्रवारी वाफवलेलं सांदण आणि नारळाचं गोड दूध.

घरावर राज्य होतं ते फुफीचं. फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, मूलबाळ नव्हतं, ती आमच्याकडेच आली आणि गावातल्या मुलींना पडवीत बसवून कुराण शिकवू लागली. तिच्या हातात छडी असायची, पण तिनं ती कुणावर उगारल्याचं मला आठवत नाही. तिच्या नजरेनंच काम व्हायचं. तिला चित्रांचं वावडं होतं. पावडरच्या डब्यावरच्या गोबऱ्या बाळाचे डोळे तिनं सुईनं खरवडून काढले होते. मला बाहुली हवी होती तर तिनं स्वतः चिंध्यांची सुरेख बाहुली शिवली, तिला वेणी घातली, ओढणी दिली, पण तोंडाच्या जागी नुसतं पांढरं कापड. मी विचारलं, हिला डोळे का नाहीत? फुफीनं मला समोर बसवलं. म्हणाली, “हे बघ रुकू, जीव घालनं हे अल्लाचं काम. आपण डोलेनाक काढून माणूस बनवला तर कयामतीच्या दिवशी अल्ला इचारील, बनवलंस ना? मंग आता घाल यात जीव. आनि आपल्याला काय तो घालता यायचा नाय. मंग काय करशील?”  मला तर हात स्वस्थ ठेवता येत नसे. ओल्या मातीचे, चिखलाचे, मेणबत्तीच्या मेणाचे किती तरी लोक मी चोरून केले होते, आणि त्या दिवशी ते सगळे माझ्यासमोर येऊन उभे राहणार, हे मला आता कळलं. तीच फुफी कुणाचं पोर आजारी पडलं की पाण्याच्या पेल्यावर काहीतरी पढून हळूच फुंकर घालायची. याला आमच्याकडे दम करणं म्हणतात. ते पाणी प्यायलेलं पोर बहुतेक वेळा बरं व्हायचं. फुंकरीतून काहीतरी एकातून दुसऱ्यात जातं, एवढं मी त्यातून शिकले होते.

नासीर तेव्हा चार वर्षांचा होता. त्या दिवशी तो सकाळपासून किरकिर करत होता, अंग कोमट होतं, पण पोरांचं अंग कोमट असतंच. दुपारच्या पावाचं पीठ मळून झालं, अब्बा हात धुवायला विहिरीवर गेले, आणि मी पाटावरचा उरलेला गोळा उचलला. नासीरची भुणभुण थांबवायला मी त्याला चिमणी करून देणार होते. “चिमनी नको, मानूस कर,” तो म्हणाला. मी वीतभर माणूस केला. पोट, डोकं, अंगाला चिकटून सरळ सोडलेले हात, जुळवलेले पाय. झोपलेला. “डोले कर त्याला,” नासीर म्हणाला. मी म्हटलं, फुफी मारील. तो ऐकेना. ईदच्या पावांवर लावायचे काळे तीळ फळीवर होते. नासीरनं दोन तीळ स्वतःच्या थुंकीनं ओले केले आणि माणसाच्या तोंडावर चिकटवले. मग त्याच्या तोंडावर सांडलेलं पीठ उडवायला नासीरनं वाकून, गाल फुगवून, फू केलं. “आता उठव त्याला,” तो मला म्हणाला. तेवढ्यात पडवीतून फुफीनं हाक मारली, शिकवणीची वेळ झाली होती. मी माणसाला पत्र्याच्या डब्यात ठेवलं, वर झाकण लावलं, डबा भट्टीच्या मागे रिकाम्या पोत्यांखाली सरकवला आणि पळाले.

शिकवणी संपवून परत आले तेव्हा झाकण डब्याला घट्ट बसलेलं नव्हतं, एका बाजूनं उचललं गेलं होतं. मी ते काढलं. माणूस मोठा झाला होता. त्याचे हात अंगापासून सुटून वर आले होते, कुणाला तरी धरायला निघाल्यासारखे. तोंडाची फट मी काडीनं काढली होती, ती उघडली होती. एक डोळा जागचा सरकून माझ्याकडे बघत होता. आणि उजवा पाय, तो भट्टीच्या बाजूला होता, टम्म फुगून डाव्याच्या दीडपट झाला होता. मी बघत असतानाच त्याच्या छातीवर एक फुगा वर आला, थांबला, आणि फुस्स करून फुटला. छाती खाली बसली. वाचणाऱ्याला हसू येईल. बेकरीवाल्याची पोर, रोज पीठ फुगताना बघणारी, तिला एवढंही कळू नये? कळत होतं. पण पावाला डोळे नसतात. फुफीनं मला सांगितलं होतं की जीव घालता येत नाही, घाबरायचं ते त्याला. जीव गेलाच आत, तर काय करायचं, हे तिनं कधी सांगितलंच नव्हतं. मी झाकण लावलं, त्यावर वीट ठेवली आणि घरात येऊन अम्माच्या पदराला धरून उभी राहिले. मला थंडी वाजत होती.

संध्याकाळी नासीरला ताप चढला. दोन दिवस उतरला नाही. फुफीनं दम केलेलं पाणी तो ओकून टाकायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी अम्मानं त्याला उभं करायला उचललं आणि त्याचा उजवा पाय खाली लोंबत राहिला. त्यात काही नव्हतंच. अम्मानं तो उचलून सोडला, तो पडला. तिनं परत उचलला, परत पडला. मग अम्माच्या तोंडून जो आवाज आला तो मी पुढे कुठल्याच माणसाच्या तोंडून ऐकला नाही. डोंगरातल्या वाडीवरून सरपणाची मोळी घेऊन येणारी बाई दारात उभी होती, ती म्हणाली, “वारं गेलं गं पायावरनं.” खोपोलीचे डॉक्टर आले, त्यांनी गुडघ्यावर टिचक्या मारून पाहिलं आणि अब्बांना अंगणात नेलं. मी खिडकीखाली होते. ते म्हणाले, “आत्ताच्या आत्ता मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या. सध्या पायात आहे. वर चढत छातीपर्यंत गेलं तर श्वास बंद पडेल. येते आठ-दहा दिवस फार जपायचे.”

मला सगळं समजलं. आज मी आजी होण्याच्या वयाची आहे, त्या आजाराचं नाव मला ठाऊक आहे, त्या वर्षांत गावोगाव अशी किती पोरं लोळागोळा झाली तेही ठाऊक आहे. पण त्या सकाळी जे समजलं ते इतकं स्वच्छ होतं की पुढचं कुठलंच ज्ञान त्याला पुसू शकलेलं नाही. नासीरनं फुंकर घातली होती. त्याची थुंकी त्या माणसाच्या डोळ्यांत होती. माणसाचा उजवा पाय फुगला आणि नासीरचा उजवा पाय रिकामा झाला. आता छातीची पाळी. आणि माणूस मी केला होता.

मैद्याची पोती आणणाऱ्या टेंपोत अम्मा नासीरला मांडीवर घेऊन बसली. निघताना अब्बांनी मला जवळ घेतलं. भट्टी विझवली होती. मी जन्मल्यापासून ती विझलेली पाहिली नव्हती. “रुकू, खमीर तुझ्याकडं,” ते म्हणाले. “रोज दुपारी वाटीभर काढायचं, वाटीभर मैदा नि साखरेचं पानी घालायचं. आमी येईस्तवर मेलं नाय पायजे. जमंल ना?” मी मान हलवली. टेंपो गेला. घरात मी आणि फुफी दोघीच राहिलो. भिंत दुपारपर्यंत कोमट होती, संध्याकाळी गार झाली.

दुसऱ्या दिवशी बरणीचं काम करायला गेले तेव्हा मी धीर करून डबा उघडला. माणूस खाली बसला होता. अंगातलं सगळं वारं गेलेलं, चेहरा पसरून डोळे दोन बाजूंना गेलेले, आंबट वास. मला वाटलं, गेला. मुंबईत नासीर या घटकेला गेला. मी तिथेच बसले. माणसाला मोडून भट्टीच्या राखेत टाकावं असं आधी दोन दिवस मनात घोळत होतं, पण मोडला आणि नासीरचा जीव त्यातच असला तर? आणि न मोडता तसाच ठेवला आणि तो नासीरला खात राहिला तर? शेवटी मला बरणी दिसली. खमीर बसलं की अब्बा काय करतात? त्याला खायला घालतात. मी बरणीतून काढलेलं वाटीभर खमीर घेतलं, त्यात जुना माणूस मिसळला, मूठभर मैदा घातला, घट्ट मळलं आणि तोच माणूस परत केला. तेच पोट, तेच हात, तेच दोन तीळ शोधून लावले. या खेपेस मी पायात आगपेटीची काडी घातली, पाय लुळा पडू नये म्हणून. पुढे परदेशातल्या त्या शिबिरात शिक्षक सांगाड्याचं महत्त्व समजावत होते तेव्हा मी वहीत काहीच लिहिलं नाही. आणि मग मी ते केलं. उजव्या पायाला बोट लावलं आणि गुडघ्यातून वर उचलला. नखाच्या जाडीइतका, त्याहून जास्त नाही. जास्त केलं तर काडी पिठातून बाहेर येत होती. आज एवढा हलला, म्हणजे उद्या अजून हलेल. तिकडे तोही हलेल.

असे सहा दिवस. सकाळी फुफी मला शेजारी बसवून नासीरसाठी दुआ मागायची, मीही हात पसरून मागायचे, आणि दुपारी ती जरा आडवी झाली की बेकरीत जाऊन ज्याची दुआ मागितली त्याच्याच कामात हात घालायचे. सकाळच्या दुआनं दुपारचं पाप फिटतं की दुपारच्या पापानं सकाळची दुआ, काही कळायचं नाही.  मुंबईहून निरोप नव्हता. रस्त्यावर टेंपोचा आवाज आला की आम्ही दोघी हातातलं टाकून दारात यायचो, टेंपो पुढे निघून गेला की एकमेकींकडे न बघता परत कामाला लागायचो. रोज नवा माणूस करायचा, आधी कालच्या जागेपर्यंत पाय आणायचा, मग पुढे नखभर. डोळे मिटून मी कालची जागा आठवायचे. चुकली तर काय होईल याचा विचार मनात येऊ द्यायचे नाही. आजही शूटिंगच्या वेळी कुणी बोललेलं मला चालत नाही. मुलं समजतात की मी एकाग्र असते.

सहाव्या दिवशी शुक्रवार होता. मी उकिडवी बसून गुडघ्याची जागा बघत होते आणि उजेड बदलला. दारात फुफी उभी होती. मैदा इतका भराभर का संपतोय ते बघायला ती आली असावी. तिनं आधी मला पाहिलं, मग डबा, मग त्याचे डोळे. मी माणसावर आडवी पडले. “मोडू नको फुफी! मोडू नको, नासीर मरंल, तो नासीर हाय!” मग जे तोंडातून बाहेर आलं ते थांबेना. फुंकर, थुंकी, उठून आलेले हात, काडी, सगळं. फुफी ओरडली नाही. ती मागे वळली आणि तिनं बेकरीचं दार आतून लावून घेतलं. मला वाटलं आता संपलं. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. तिला गुडघ्यांचा त्रास होता, नमाजाशिवाय ती कधी जमिनीवर बसत नसे. पदर डोक्यावर ओढून ती पुटपुटत राहिली, मग पुढे वाकली आणि तिनं नखानं एक तीळ काढला, मग दुसरा. मी किंचाळले, “आंधला होईल तो!”

“डोल्यांचं काय काम?” ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. “पाय हलवायचाय ना? पायाला डोले लागत नाय.” तिनं दोन बोटांनी चेहरा चापून सपाट केला.  दूर घाटात इंजिनं धापा टाकत होती. नासीर तिच्याच अंथरुणात झोपायचा, तिच्या हातून जेवायचा, तिला फुफी न म्हणता पिपी म्हणायचा. “किती हलवतंस रोज?” तिनं विचारलं. मी अंगठ्याचं नख दाखवलं. फुफीनं बिस्मिल्ला म्हटलं, मग म्हणायला नको होतं असं वाटून ओठ दाबले, आणि माणसाच्या उजव्या पायाला बोट लावून तो वळवला.  झाल्यावर तिनं विहिरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि परत येऊन मला म्हणाली, “कुनाला सांगायचं नाय. अल्लाला इचारू दे, तवा आपण दोघी सांगू.”

दोन दिवसांनी अब्बा एकटेच आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. ते अंगणात येईपर्यंत फुफीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की नंतर तिथे वळ उठले. “वाचला,” अब्बा म्हणाले आणि पायरीवर बसले. “छातीचा धोका टळला म्हनाले डाक्टर. शुक्रवारी दुपारी पायाचा आंगठा हलवला त्यानं. इतकासा.” मला आनंद झाला नाही.  आमच्या हातून काहीतरी खरोखर झालं होतं, आणि ज्याचं ते काम होतं त्यानं ते पाहिलं होतं. फुफीनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि आत गेली. अब्बा लगेच भट्टीच्या मागे लागले, मुंबईच्या फेऱ्या चालू ठेवायच्या तर पाव निघायलाच हवा होता. पोती हलवताना त्यांना डबा सापडला. दोन दिवस आम्ही कुणी त्याला हात लावला नव्हता, बिनडोळ्यांचा माणूस पसरून नुसता गोळा झाला होता. त्यांनी वास घेतला. “चांगलं जिवंत हाय की गं,” ते म्हणाले, “फेकायचं कशाला?” आणि आतली काडी काढून टाकून तो त्यांनी मोठ्या परातीतल्या पिठात मळून टाकला. मी आणि फुफी दारात उभ्या राहून बघत होतो. दुसऱ्या दिवशी तो पाव गावानं खाल्ला आणि खोपोलीच्या कारखान्यातल्या माणसांनी चहात बुडवून खाल्ला. फुफीनं त्या दिवसापासून पाव सोडला. पित्त होतं म्हणून सांगायची.

नासीर दोन महिन्यांनी घरी आला. पायाला लोखंडी पट्ट्या, चामड्याचा बूट. पट्ट्या काढल्या की पाऊल बाहेरच्या बाजूला वळायचं आणि तसंच राहायचं. तो चालायला शिकला, झाडावर चढायला शिकला, मला मारून पळायलाही शिकला. आज त्याचं स्कूटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, शेलूला नव्या इमारतीत लिफ्टवाला फ्लॅट आहे, नातवंडं आहेत. माझा चित्रपट बघून म्हणाला, “रुकूबाय, तुझ्या बाहुल्या माझ्यापेक्षा सरळ चालतात गं!” आणि स्वतःच हसला. त्याला काही ठाऊक नाही. स्टुडिओत एखाद्या बाहुलीचा पाय मोडला की मी काहीतरी निमित्त काढून त्याला फोन करते, तो म्हणतो, काय गं, उगाच? मी म्हणते, उगाच.

फुफीनं माझं एकही काम पाहिलं नाही. मी मुंबईला शिकायला गेले, बाहुल्यांच्या धंद्यात पडले, तेव्हा नातेवाइकांनी अब्बांना बरंच सुनावलं. फुफी तेवढ्यापुरती मध्ये पडायची, “तिचं तिला नि अल्लाला ठाऊक,” आणि विषय संपायचा. पाच वेळच्या नमाजानंतर ती उठत नसे, तशीच बसून राहायची, हात पसरून, कितीतरी वेळ. मला वाटायचं ती माझ्यासाठी माफी मागते. पोरगी ऐकली नाही, आता निदान हिला सोडव, असं काहीतरी.

शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी काम बंद ठेवून गावी राहिले. बेकरी केव्हाच बंद झाली होती, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. एका सकाळी नासीर तिला भेटून निघाला होता. त्याच्या बुटाचा आवाज पडवीतून अंगणात उतरून नाहीसा होईपर्यंत ती ऐकत राहिली. मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, “रुकू, एक इचारू? तुझं कामच हाय ते, तुला कळत असंल.” मी म्हटलं, विचार ना. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “त्या दिवशी मी पाय जास्त वळवला का गं?”

 इतकी वर्षं ती बाई त्या एका गोष्टीसाठी हात पसरून बसत होती.

“नाय फुफी,” मी म्हटलं. “नखभरच.”

“बरं,” ती म्हणाली आणि डोळे मिटले. चार दिवसांनी ती गेली. तिला पटलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण खरं काय ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून हे लिहिलं. तो पाय दोन नखं वळला होता, आणि बाहेरच्या बाजूला. मी पाहिलं होतं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण सहा दिवस मी त्या पायाशिवाय दुसरं काही पाहिलंच नव्हतं. फुफी, जरा मागं घे, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हटलं नाही. दार आतून लावलेलं होतं, फुफी माझ्याजवळ जमिनीवर बसली होती, त्या पापात मी आता एकटी नव्हते. त्या आठ-नऊ दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्यात मी तो पाय तसाच राहू दिला.